आरशापुढे आरसा: एका मॉर्मन जोडप्यासाठी लिहिलेली कविता

कॅनडातल्या रेजिना शहरात मला युनिव्हर्सिटीत नोकरी लागली तेव्हा मी एकटीच आले. नवरा तिकडे दूर किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याला लगेच निघता येण्यासारखं नव्हतं. एखादं वर्ष असंच काढायचं, असं आमचं ठरलं होतं. २०१५चा उन्हाळा संपत आला होता. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने एका म्हाताऱ्या जोडप्याचं बेसमेंट सुचवलं आणि जाता जाता म्हणाली, "माणसं फार चांगली आहेत. फक्त मॉर्मन आहेत, म्हणजे ख्रिश्चनांतलाच एक पंथ. चहा-कॉफी पीत नाहीत."

मला बाकी काही कळलं नाही, चहा तेवढा कळला.

त्यामुळे जागा बघून झाल्यावर मी आधीच सांगून टाकलं, "मी चहा करते. बऱ्याचदा करते. आलं घालून. आणि त्याचा वास हीटिंगच्या जाळीतून वर येईल."

आजींनी आजोबांकडे पाहिलं. (मी त्यांना नावानेच हाक मारायची, तिथे तशीच पद्धत. पण मनात ती दोघं पहिल्या दिवसापासून आजी-आजोबाच होती.) आजोबांनी थोडा विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "पिणं आम्हाला मना आहे. वासाबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही."

मी तिथे राहायला गेले.

आजोबांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. आजी पियानो शिकवायच्या, अजूनही शिकवत. सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे घरच्यांसाठी राखून ठेवलेली असे. गावातला मुलगा-सून, नातवंडं यायची. एखादं गाणं, थोडं धर्माचं, मग एखादा खेळ आणि शेवटी काहीतरी गोड. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी आजींनी जिन्यावरून खाली हाक मारली, "पीच पाय केलाय, वर ये." त्यानंतर मला बोलवावं लागलं नाही.

लोक विचारतात, त्यांनी तुला धर्म बदलायला सांगितलं नाही का? एकदा आजोबांनी त्यांचा ग्रंथ माझ्या हातात ठेवला होता. "वाचावंसं वाटलं तर वाच," म्हणाले. पुन्हा तो विषय निघाला नाही. मी मात्र मध्ये मध्ये वाचायची. मला त्यातलं एक स्वप्न फार आवडलं. एक म्हातारा माणूस अंधारातून चालत एका झाडापाशी येतो. झाडाला पांढरंशुभ्र फळ असतं. ते तो चाखतो, आणि इतकं गोड काही त्याने कधी खाल्लेलं नसतं. मग तो काय करतो? मागे वळून बायकोला आणि पोरांना शोधायला लागतो. झाडाकडे येणारी वाट अरुंद, तिच्यावर दाट धुकं, पण वाटेच्या कडेने एक लोखंडी कठडा आहे. त्याला धरून चाललं की माणूस पोचतो. आजी म्हणायच्या, कठडा म्हणजे देवाचा शब्द आणि फळ म्हणजे त्याचं प्रेम. मला तो मागे वळून हाका मारणारा बाप जास्त आठवत राहिला.

पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. उन्हाळ्यात एक दिवस मी मागच्या अंगणात फोनवर नवऱ्याला माझी नवी कविता वाचून दाखवत होते. आजी टोमॅटोला पाणी घालत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "ही तुझी भाषा? आमच्या समारंभासाठी असं काहीतरी लिही ना."

"पण तुम्हाला कळणार कसं?"

"तू समजावून सांगशील. मी नाही का तुला सगळं समजावून सांगत?"

लिहायला बसले, पण जमेना. पन्नास वर्षांच्या संसारावर आपल्याकडे जे लिहितात ते सगळं सुचलं, आणि ते त्यांचं वाटेना. शेवटी मी वर जाऊन सरळ विचारलं, "तुमच्या लग्नातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं?"

"आरसे," आजी म्हणाल्या.

त्यांचं लग्न अल्बर्टातल्या एका जुन्या मंदिरात लागलं होतं. त्यांचं रविवारचं चर्च वेगळं, तिथे कुणीही जाऊ शकतं. मंदिर वेगळं, तिथे धर्मातलेच, तेही नेम पाळणारे लोक जातात आणि आत सगळे पांढरे कपडे घालतात. तिथे लागलेलं लग्न 'मरेपर्यंत' नसतं, कायमचं असतं. मेल्यानंतरही नवरा-बायको, आई-बाप, लेकरं एकमेकांना बांधलेली राहतात, अशी त्यांची श्रद्धा. आणि जिथे हे लग्न लागतं त्या खोलीत समोरासमोर दोन मोठे आरसे असतात.

"म्हणजे कसं, ते दाखवते," म्हणून आजी उठल्या. मला पॅसेजमधल्या मोठ्या आरशापाशी नेलं, आतून दुसरा एक आरसा आणून त्याच्यासमोर माझ्या हातात धरायला दिला, आणि आजोबांना हाक मारली. दोघं मध्ये उभी राहिली. समोरच्या आरशात ती दोघं, त्यांच्या मागे ती दोघं, त्यांच्याही मागे ती दोघं, लहान लहान होत गेलेली, कुठे संपतात ते दिसेना.

"बघ," आजी हळूच म्हणाल्या. "एकोणिसाव्या वर्षी मी हे पाहिलं."

आजोबांनी वाकून आरशात खोलवर बघितलं. "वाईट आहे," ते म्हणाले. "शेवटपर्यंत मी टकलाच दिसतोय."

आजींना इतकं हसू आलं की मलाही आवरेना, माझ्या हातातला आरसा हलला आणि आरशातली सगळी आजी-आजोबांची रांग गदगदा हलली. त्याच आठवड्यात कविता झाली.

*आरशापुढे आरसा ठेवला*
*मध्ये तुम्ही दोघं उभी,*
*जिथे बघावं तिथे तुम्हीच,*
*गल्ली संपता संपेना.*

*धुक्यातून कठडा धरून*
*आलात पांढऱ्या फळापाशी,*
*चाखलंत, आणि मागे वळून*
*सगळ्यांना हाका मारल्यात.*

*सूर्य तुमचा, चांदणं माझं,*
*उंबऱ्याच्या अलीकडे मी.*
*पण दार लोटू नका, आजी,*
*तुमच्या घरातलं हसू*
*ऐकू येऊ दे खाली.*

समारंभ नोव्हेंबरात होता. त्याआधी आमच्या मराठी मंडळाची कोजागिरी आली. आपली कोजागिरी तिथे शनिवारी असते, चंद्र ज्या दिवशी पुरा असेल तो असो. एका कम्युनिटी हॉलमध्ये आम्ही पन्नासेक माणसं जमायचो. मी आजी-आजोबांना घेऊन गेले. मसाला दूध त्यांना चालणार होतं, त्यात चहा नव्हता. आजोबांनी केशराचा वास घेतला, दोन ग्लास प्यायले आणि तिसऱ्याची चौकशी केली.

नंतर ज्याला जे येतं ते त्याने म्हणून दाखवायचं होतं. मी ही कविता वाचली.

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या, पण बेताच्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले इंजिनिअर, स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, "शब्द सगळे कळले हो, पण कविता नाही कळली. हे फळ कसलं? कठडा कुठला? आणि सूर्य त्यांचा, चांदणं तुझं, ही वाटणी कुणी केली?"

मग मला समजावून सांगावं लागलं. आरसे सांगितले, स्वप्न सांगितलं. सूर्य-चांदण्याचं सांगितलं, की त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मेल्यानंतर स्वर्ग एकच नसतो. एक सूर्यासारखा, एक चंद्रासारखा, एक ताऱ्यांसारखा. सूर्यासारख्या तेजात त्यांच्या मार्गाने चाललेले लोक देवाजवळ राहतात, आपापल्या कुटुंबासकट. बाकीची भली माणसं चंद्राच्या तेजात. "म्हणजे मी फार तर चंद्रावर," मी म्हटलं. "आज कोजागिरी आहे, तेव्हा माझी काही तक्रार नाही."

हॉल हसला. आजी माझ्या शेजारी बसून कुणी काय म्हटलं ते मला विचारत होत्या, मी सांगत होते.

नागपूरहून लेकीकडे आलेल्या एक मावशी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे लग्न मेल्यावर बी सुटत नाही? आपले सात जन्म तरी मोजता येतात."

मी हे आजींना सांगितलं. आजींनी मावशींना विचारलं, "सात जन्म तोच नवरा?"

"वडाला तसंच मागतो आम्ही," मावशी म्हणाल्या. "आता वड ऐकतो की नाही, मला ठाऊक नाही. यांना पाहून तर वाटते, हा सहावा असंल, आता एकच उरला."

यांना म्हणजे मावशींच्या शेजारी बसलेल्या काकांना. काकांनी दुधाचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आणला नाही. आजोबा टेबलावर हात आपटून हसत होते.

पण अध्यक्षांचा चेहरा अजून गंभीर होता. ते इंग्रजीत आजींना म्हणाले, "रागावू नका, विचारतो. मी ऐकलंय की तुम्ही मेलेल्या माणसांचाही बाप्तिस्मा करता. उद्या माझ्या आजोबांनाही तुम्ही मॉर्मन करणार का?"

मला वाटलं, झालं, आता हे पाहुणे दुखावणार.

आजी दुखावल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही आमच्या पूर्वजांची नावं शोधतो आणि त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायला मंदिरात पाण्यात उतरतो. आपापल्याच घराण्यातल्या लोकांसाठी करायचं, असा नियम आहे. काही वेळा लोकांनी तो मोडला, आणि ते चूक होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आम्ही फक्त दार ठोठावतो. पलीकडचा माणूस नको म्हणू शकतो."

"माझे आजोबा नको म्हणाले असते," अध्यक्ष म्हणाले.

"माझेही म्हणाले असतील," आजी म्हणाल्या. "फार हट्टी होते."

तेव्हा मला आमच्या पितृपक्षातला कावळा आठवला. मी आजींना तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, की आम्हीही गेलेल्यांना जेवायला वाढतो, आणि कावळा पानाला शिवेपर्यंत ताटकळत उभे राहतो. मनासारखं नसेल तर तो शिवत नाही. मग आम्ही त्याला कबूल करतो, की हे करू, ते करू, तुमच्या लेकीला बघू.

"आणि मग येतो?"

"बहुतेक वेळा येतो."

आजी माझा हात धरून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही ते नको म्हणू शकतात." अध्यक्ष एवढ्यावर प्रथमच हसले, उठले आणि स्वतः जाऊन आजोबांसाठी तिसरा ग्लास घेऊन आले. मग म्हणाले, "आता पुन्हा वाच. आता ऐकतो."

मी दुसऱ्यांदा वाचली. या वेळी 'मागे वळून सगळ्यांना हाका मारल्यात' या ओळीला मावशींनी "हो गं बाई" म्हटलं. आपल्याला काही गोड लागलं की दुसऱ्याला हाक मारावीशी वाटते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी परतताना गाडीत आजींनी मला विचारलं, "ते उंबऱ्याचं खरंच असं वाटतं तुला? बाहेर ठेवल्यासारखं?"

मी खरं ते सांगितलं. "कधीकधी. तुमच्या नातीचं लग्न झालं तेव्हा मी मंदिराबाहेर बागेत थांबले होते."

"माझी बहीणही बाहेरच थांबली होती, माझ्या लग्नात. तिने हा धर्म सोडला होता," आजी म्हणाल्या. गाडी दारात लागली, त्यांनी पट्टा सोडला. मग म्हणाल्या, "ते कडवं काढू नकोस. तसंच वाच."

नोव्हेंबरात समारंभ त्यांच्या चर्चच्या मोठ्या हॉलमध्ये झाला. तो हॉल म्हणजे खरं तर बास्केटबॉलचं मैदान, दोन्ही बाजूंना बास्केट आणि मध्ये टेबलं मांडलेली. नवरा किचनरहून आला होता. तिथे सगळं उलटं झालं. आरसे, फळ, कठडा, सूर्य-चंद्र यातलं काहीही त्या लोकांना समजावायला लागलं नाही, इंग्रजीत एकेक ओळ सांगितली की माना डोलत होत्या. पण मी समारंभासाठी शेवटी एक ओळ वाढवली होती, 'माझ्याकडून या अक्षता', आणि तिथे सगळे अडले.

"अक्षता म्हणजे काय?" त्यांच्या एका नातीने विचारलं.

मी सांगितलं. कुंकू लावलेले तांदूळ. लग्न लागताना सगळे जमलेले लोक नवरा-नवरीवर टाकतात. प्रत्येक जण टाकतो, कुणाला वगळत नाहीत.

"आपल्याकडे तांदूळ आहेत?" तिने तिथूनच ओरडून स्वयंपाकघरात विचारलं.

होते. कुंकू नव्हतं, पण माझ्या नवऱ्याने डेझर्टच्या टेबलावरून लाल रंगाची साखर आणली आणि ती त्यात कालवली. आजी-आजोबांना मध्ये उभं केलं. मंगलाष्टकं मला पुरती येत नाहीत. मी 'शुभमंगल सावधान' एवढंच म्हणायला लावलं, आणि ते शंभरएक मॉर्मन मोडक्या मराठीत 'सावधान' ओरडले. चारी बाजूंनी तांदूळ उडाले. आजींच्या पांढऱ्या केसांत, आजोबांच्या टकलावर, केकवर, पियानोवर. ज्या बहिणीबद्दल आजी गाडीत बोलल्या होत्या ती आली होती. तिने दोन मुठी भरून टाकल्या, आणि आजी तिच्याकडे बघून रडत रडत हसत होत्या.

त्यांच्या चर्चला पगारी झाडूवाला नसतो, सभासदच आळीपाळीने साफसफाई करतात. त्या शनिवारची पाळी नेमकी आजोबांची होती. आम्ही चार-पाच जण झाडू घेऊन उतरलो, तर तांदूळ बास्केटबॉलच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवरून पुढे पुढे पळायचे. आजोबा कोटाची बटणं सोडून, दोन्ही हातांनी झाडू ओढत मोठमोठ्याने 'सावधान, सावधान' म्हणत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते.