आंदणाचा रेडा

माझा एक रेडा आहे. शहरात, केशवापुरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हातारीचा रेडा कसा, असं शेजारच्या बायका विचारतात, आणि मी सांगायला लागले की भाजी निवडायची सोडून ऐकत बसतात. तुम्हीही बसा.

माझं माहेर धारवाडच्या पुढं अळणावरच्या बाजूला, खेड्यात. तिथं धाकटा भाऊ, त्याचा मुलगा आणि सून. सुनेची दोन बाळं पोटातच गेली. तेव्हा पुढचं तरी जगू दे म्हणून भावानं गोठ्यातलं रेडकू देवीला सोडलं. सोडलं म्हणजे काय, तर कपाळाला भंडारा लावायचा, गळ्यातलं दावं काढायचं आणि मोकळं करायचं. त्या दिवसापासून ते जनावर देवीचं. कुणाच्या भातात शिरलं, उसात शिरलं, तरी हात उगारायचा नाही. दारात आलं की बायका भाकरी घालतात, पेज ठेवतात. जत्रा आमच्याकडे काही वर्षांनी एकदा भरते, तोवर रेडा खाऊनपिऊन डोंगर होतो. जत्रेत त्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक. पण तो दारात उभा असताना त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी लहानपणी एकदा पाहिलंय. ते सांगत नाही.

यंदाच्या जत्रेला सून सात महिन्यांची पोटुशी होती, म्हणून मी आधीच जाऊन राहिले होते. जत्रेच्या तोंडावर पोलीस साहेब आले आणि देवळाच्या कट्ट्यावर पंचांना बसवून कन्नडात समजावू लागले. कायदा नवा नाही म्हणाले, तुमच्या वडिलांच्या काळातला आहे, आता कोर्टही विचारतंय. देवळात बळी नाही, आवारात नाही, मिरवणुकीच्या वाटेवर नाही.

"मग देवीला काय सांगू, साहेब?" एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

साहेबांनी आधी गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. "तिला मी सांगतो, अज्जा. तुम्ही कोयता तेवढा घरी ठेवा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भावाकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता. बोललेला नवस फिटला नाही तर देवी कुठून वसूल करेल, याचं भय त्याच्या तोंडावर दिसत होतं.

जत्रेत रेड्याला हार घातले आणि त्याच्यासमोर कोहळा कापून कुंकू टाकलं. रेड्यानं मान लांब केली आणि तो कोहळा खायला लागला. बघा, आपल्या बदलीचा बळी आपणच खातोय, असं कुणीतरी म्हणालं आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊ हसला नाही.

खरं दुखणं पुढं सुरू झालं. जत्रा संपली, पण रेडा संपला नव्हता, आणि अशा रेड्याचं काय करायचं हे वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. तो आपला रोजच्यासारखा भातात शिरला. संध्याकाळी दारात आला तेव्हा पाठीवर काठीचे वळ होते. मागोमाग शेतवाला आला.

"अण्णा, तुमचा रेडा आवरा."

आदल्या आठवड्यापर्यंत तो देवीचा होता. आता तुमचा झाला. पुढं दारं लागायला लागली, पेज बंद झाली. एक दलाल येऊन फिरून गेला. एवढ्या कमी वयाचा रेडा कापायला कायदा सोडत नाही, पण आपण बघू काहीतरी, म्हणाला. कायद्यानं मारू नका म्हटलं, ते बरोबरच. पाणी कुणी पाजायचं ते आमचं आम्ही ठरवायचं होतं.

"बांध की त्याला गोठ्यात," मी भावाला म्हटलं.

"देवीला दिलेलं परत कसं घेऊ, अक्का? आणि आत ती आहे." त्यानं स्वयंपाकघराकडे हात केला. आत सून भाकऱ्या थापत होती.

"दलालाला दिलास तर चालतं देवीला?"



भांडी घासता घासता मला सुचलं. "हे बघ, दिलास तू, म्हणून तुला घेता येत नाही. मी कुठं दिलाय? मी परक्या घरी दिलेली लेक. देवी माझीही आई. ती मला आंदण देईल."

"आंदणात गाय देतात, अक्का. रेडा कुणी दिलाय?"

"माझ्या लग्नात गायही दिली नव्हती. तुझ्या दाजींना सायकल देऊन भागवलं होतं. राहिलेलं आंदण समज."

देवळात पंच म्हणाले, कौल लावू, उजवीकडचं फूल पडलं तर न्या. नाहीच पडलं तर?

"लेकीनं आईच्या घरातून काही न्यायचं तर कौल लावतात होय?" मी म्हटलं.

पंच एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पुजाऱ्यानं माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि वर नवं दावं. ते दावं मीच रेड्याच्या गळ्यात घातलं. रेडकू होतं तेव्हापासून त्याच्या मानेला दोर लागला नव्हता. त्यानं मान झटकली, मग उभा राहिला. मी त्याला भावाच्या गोठ्यात नेऊन बांधलं. गोठा त्याचा, जनावर माझं.

सून दिवस भरायच्या आत बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, धारवाडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. मी मागाहून पोचले तेव्हा भाऊ बाहेर बाकावर बसला होता. माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यालाही.

"चहा घेतलास?" मी विचारलं.

"घेतला."

तेवढंच बोलणं. रोज तसंच बसायचो. पोरीला काही झालं असतं तर तो मला तोंडावर बोलला नसता, पण पुन्हा माझ्या दारी आला नसता. दावं हातात घेतलं तेव्हाच मला हे ठाऊक होतं.

पोरगी घरी आली. देवीनं ऐकलं की डॉक्टरांनी वाचवली, या वादात मी पडत नाही.

परवा भावाचा फोन आला. "अक्का, तुझा रेडा नुसता खातोय. औताला धरू का?"

माझा, म्हणाला.

"पोरगी मान धरू दे," मी म्हटलं. "मग बघू."

"बरं," म्हणाला. मागं पोरगी रडत होती, चांगली मोठ्यानं.