गारेकचा डावा हात

पॅरिसबाहेरच्या आमच्या कारखान्यात श्रीमंतांसाठी टप दुमडणाऱ्या गाड्या हातानं बनत. मी गाद्या शिवायचे, अँसेल्म गारेक पत्रा ठोकायचा. उजव्या हातात हातोडी, आणि डावा तळवा डोळे मिटून पत्र्यावरून फिरवत तो उंचसखल शोधायचा. म्हणून तो डावा हात जिवापाड जपायचा. भर उन्हाळ्यातही त्यावर लोकरी हातमोजा असायचा, वाइनचा ग्लाससुद्धा तो त्या हातानं उचलायचा नाही.

"काय हो गारेक, नव्या नवरीसारखा हात झाकून फिरताय!" मी चिडवायचे.

"तुझ्या चष्म्यापेक्षा याला जास्त दिसतं, मादलेन."

एकोणपन्नास साली आमची निळी गाडी मोठ्या प्रदर्शनात लागली. आम्ही ठेवणीतले कपडे घालून बघायला गेलो. गारेकनं हातमोजा काढला, डोळे मिटले आणि पुढच्या मडगार्डवर तळवा टेकवला.

"ओ आजोबा, गाडीला हात लावू नका!" राखणदार खेकसला.

माझं डोकंच सणकलं. पण गारेकनं डोळेही उघडले नाहीत.

"अरे लेका, हात लावूनच तर झालीय ही," तो म्हणाला, आणि तळवा थेट मागच्या दिव्यापर्यंत नेऊनच उचलला.