धुतलेली चक्की

“घस नाक,” नाना म्हणाले. “कानबाईना म्होरे घस.”

मी नानांच्या ओट्याखाली उभी होते. आठवीत होते. आत चौरंगावर कानबाई देवी मांडलेली, नारळाच्या मुखवट्याला मोत्यांची नथ. भोवती नानांची अख्खी भाऊबंदकी जमलेली. सगळे माझ्याकडे बघत होते.

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात चक्की एकच, नानांची. श्रावणात कानबाईच्या रोटाचं गव्हाचं दळण निघतं, त्याआधी चक्की धुवायचा रिवाज आहे. धुवायची कोणी? माझी माय आणि मी. दगडाच्या खाचांत बसलेलं जुनं पीठ खरवडून काढायचं, डबा पुसायचा, जमीन धुवायची. एकदा चक्की धुतली की आम्ही बाहेर. धुतलेल्या चक्कीला आमच्या जातीचा हात चालत नाही. धुताना चालतो. तेव्हा मला यात काही वावगं वाटायचं नाही, याचाच आता जास्त राग येतो.

शनिवारी नानांच्या मुलाने रोटाचं दळून नेलं. रविवारी पीठ मळायला घेतलं तर त्यात बाजरीचे काळपट कण. रोट म्हणजे देवीचा नैवेद्य. घरच्यांनीच खायचा, त्यात दुसरं धान्य चालत नाही. मग काय, चोर शोधायला वेळ लागला नाही. चक्कीमागच्या खोलीत आम्ही राहायचो. बाजरी खायचो. म्हणजे धुतलेल्या चक्कीवर आम्हीच बाजरी दळली.

“तुन्ही पोरनी चक्की बाटाडी,” नाना मायला म्हणाले. “तिले नाक घसाले लाव. नही ते खोली खाली कर.”

मी म्हणाले, “मी काहीच करं नही. मी नाक घसनार नही.”

आवाज माझाच होता, पण मलाच ओळखू आला नाही. मी मायकडे पाहिलं. मला खात्री होती, ती म्हणेल, पोरगी खरं बोलतेय.

बाप गेल्यापासून ती खोलीच आमचं घर होती. माय खाली बघत म्हणाली, “मी घसस, नाना. पोरले सोडी द्या.”

आणि ती वाकली. ओट्याच्या खालच्या पायरीवर, शहाबादी फरशीवर तिनं नाक घासलं. मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला. मागून एक बाई म्हणाली, “आखो.” मायने पुन्हा घासलं. उठली तेव्हा नाकाचं साल निघालं होतं. नानांचा नातू मोबाइलवर शूटिंग करत होता. दुपारपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर होतं.

मला वाटलं होतं, नाही म्हटलं की शिक्षा टळते. ती टळली नाही. मायवर गेली.

त्याच दुपारी नानांची सून मागच्या दाराने आमच्या खोलीत आली. मायपुढे उभी राहून रडायला लागली. “अक्का, मी पीठ चाळं ती चाळनी बाजरीनी व्हती. मन्हीच चूक व्हयनी. घरमा बी सांगी दिधं मी.”

मी वेडी, खूश झाले. आता नाना येतील म्हणून दारात बसून राहिले. नाना आले नाहीत. त्यांच्या घरात नवं दळण आलं, रोट झाले, गाणी झाली. दुसऱ्या दिवशी कानबाई वाजतगाजत विसर्जनाला निघाली, आमच्या दारावरूनच. नानांनी मायकडे पाहिलं आणि पुढे गेले. मायने हात जोडले. ते देवीलाच जोडले असावेत, असं मी अजून स्वतःला सांगते.

पुढच्या श्रावणात मायने तीच चक्की पुन्हा धुतली. मी खोलीबाहेर आले नाही.

आज मी धुळ्यात नर्स आहे. माय माझ्याजवळ असते. न केलेली चूक का कबूल केलीस, असं मी तिला एकदाच विचारलं.

“तुले शाळामा जानं व्हतं,” ती म्हणाली. “माले कुठे जानं व्हतं?”

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

यंदा श्रावण लागला आणि तो व्हिडिओ कुणीतरी पुन्हा ग्रुपवर टाकला. ‘जुन्या आठवणी’ असं वर लिहून. खाली हसणारी तोंडं. मायने तो माझ्या फोनवर पाहिला. चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाली, “पुसी टाक.”

मी पुसला नाही.

रविवारी, कानबाई बसेल तेव्हा, मी गावी जाणार आहे. ओट्याखाली नाही, ओट्यावर चढून उभी राहणार आहे. सगळी भाऊबंदकी जमली की तो व्हिडिओ लावणार आणि विचारणार, नाना, चाळणी तुमच्या घरची होती हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं की नाही? मला कुणाचं नाक घासलेलं नको. माझ्या मायने काही केलं नव्हतं, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायचं. ते म्हणेपर्यंत मी ओट्यावरून उतरणार नाही.

मायला हे नको आहे. “जे व्हयनं ते व्हयनं, आते कशाले?” म्हणते, आणि दोन दिवस झाले, नीट जेवत नाही. तरी मी जाणार आहे. माझी शिक्षा स्वतःवर घेताना तिनंही मला विचारलं नव्हतं.