मामांच्या गिटारचा उघडा आवाज

मामांची गिटार मी तीन वेळा उघडली, तिन्ही वेळा त्यांच्याच सांगण्यावरून. पहिल्यांदा चांगल्या मनाने. पुढच्या दोन वेळांबद्दल सांगायला बसलोय.

आमचं शिवणकामाचं दुकान म्हैसूरात, चामराजपुरमला होतं. वडिलांच्या मागे ते मीच चालवायचो. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. आठवडाभर रेशमाच्या मागावर नोकरी आणि सुटीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार. लग्नं, साखरपुडे, गणपतीचे मांडव, जिथे बोलावणं असेल तिथे जायचं. त्याच ऑर्केस्ट्रात मी मागच्या रांगेत दुसरी गिटार वाजवायचो, म्हणजे गाणंभर तीन-चार कॉर्ड खरवडत उभा राहायचो. मला मामांची जागा हवी होती. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, देवळातल्या विठ्ठलालासुद्धा नाही. आता सांगायला हरकत नाही.

मला वाजवायला शिकवलं मामांनीच, पण ते बोटांवर फुटपट्टी मारून. मी मोठा झाल्यावर फुटपट्टीचं काम जिभेने सुरू झालं. तालमीत माझा एक सूर चुकला की ते गाणं थांबवायचे आणि सगळ्यांदेखत म्हणायचे, "काजं कर रे तू, काजं. बटणं लाव. गिटार बेड तुला." आमच्या घरच्या मराठीत 'नको' क्वचितच यायचं, कन्नडातलं 'बेड'च तोंडात बसलेलं. सगळे हसायचे. गायिकाही हसायची, आणि ते जास्त झोंबायचं. मामा स्वतः शिंप्याचेच, पण मागावर पगारी नोकरी लागल्यापासून सुई-दोरा म्हटलं की नाक मुरडायचे.

त्यांची गिटार स्वस्तातली होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारांची थरथर तोच पकडतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला देतो. मामांच्या पिकअपात वेढे नुसते ठासून भरलेले होते. त्याने आवाज मोठा यायचा, पण दबलेला. एक दिवस ते दुकानात आले आणि गिटार कापडाच्या ठाणांवर आडवी टाकून म्हणाले, "गादीखालून आल्यासारखा आवाज येतो हिचा. स्वल्प उघडा कर रे." थोडे वेढे काढून टाकले की आवाज उजळतो, हे मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं होतं.

मी मनापासून काम केलं. तारा काढल्या, डाख सोडवून पिकअप बाहेर घेतला, त्याच्यावरची चिकटपट्टी सोलली. शिलाई मशीनला बॉबिन भरायचं छोटं चाक असतं. त्याला रिकामी बॉबिन लावली, तारेचं टोक तिच्यात अडकवलं आणि चाक हाताने, अगदी सावकाश फिरवलं. पायडल मारलं असतं तर तार तिथेच तुटली असती. पिकअपवरची तार उतरून बॉबिनवर चढू लागली. किती ताणलं की तुटेल, हे शिंप्याच्या बोटांना कुणी सांगावं लागत नाही. पुरेसे वेढे उतरल्यावर तार तोडली, टोक खरवडून पुन्हा डाख दिला. मामांनी दोन-चार सुरावटी वाजवल्या आणि थांबले. गिटार खणखणत होती. "बोटं आहेत तुझ्या हाताला," ते म्हणाले. अशी शाबासकी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली, आणि आठवडाभर हवेत होतो.

चार-पाच महिन्यांनी ते पुन्हा आले. "परत गादीखाली गेली बघ." मी वाजवून पाहिली. आवाज होता तसाच लख्ख होता. तसं सांगणार, तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ पीप-पीप करू लागलं. मी म्हटलं, "मामा, घड्याळ वाजतंय."

"कुठलं वाजतं? त्याचा आवाज कधीचा गेलाय."

घड्याळ वाजतच होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान झिजले होते. बोलणं समजत होतं, पण बारीक, उंच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. गिटारमध्ये बिघाड नव्हताच.

तेव्हा सांगता आलं असतं. कानाचे डॉक्टर होते, मागावर कानात बोळे घालता आले असते, गिटारचा आवाज दुसऱ्या कुणाच्या कानाने लावून घेता आला असता. मी म्हटलं, "ठेवून जा मामा. उघडतो."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी बॉबिन फिरवत केलं. आणखी वेढे उतरवले. वेढे कमी झाले की आवाज बारीक होतो आणि लहानही होतो, म्हणून मामा अ‍ॅम्प्लिफायर वाढवणार, हेही मला ठाऊक होतं. वाजवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता बरोबर आहे ना?"

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं.

वर्षभराने तिसऱ्यांदा आले तेव्हा उतरवायला फार वेढे उरले नव्हते. गिटारवर आवाज मवाळ करायचं एक बटण असतं. त्याची आतली जोडणीच मी कापून टाकली आणि बटण जागच्या जागी ठेवलं. फिरवा म्हटलं हवं तेवढं. गिटार आता पत्रा कापल्यासारखी किंचाळत होती. मामा खुश होते.

एच. डी. कोटे गावच्या जत्रेत शिट्ट्यांच्या गोंगाटात ते खपून गेलं. पुढे गायिका डाव्या कानात कापूस घालून गाऊ लागली. मामांना वाटलं तिला सर्दी झालीय. त्यांनी तिच्यासाठी माझ्या आईकडून आल्याचा काढा करून आणला. ऑर्केस्ट्राचे मालक माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचे. मामा त्यांच्याहून वयाने मोठे, म्हणून बोलायचे नाहीत. मी वाट पाहत होतो.

तो दिवस जयलक्ष्मीपुरमच्या एका साखरपुड्यात आला. दुपारची पंगत बसली होती. मामांनी आपला लांबलचक तुकडा सुरू केला, आणि पहिल्याच उंच सुराला एका बाईच्या मांडीवरचं तान्हं दचकून टाहो फोडू लागलं. मुलीकडचे एक म्हातारे दोन्ही कानांवर हात दाबून उठले. "किवि ओडेदोगत्ते, निल्लिसि सार!" कान फुटतील, थांबवा! मालकांनी गाणं थांबवलं. मामा हसले. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं.

"आवाज ठीक आहे," ते कन्नडमध्ये, माइकपाशीच म्हणाले. "ह्या लोकांना गाणं समजत नाही. माझ्या भाच्याला विचारा. त्याच्यासारखे कान अख्ख्या म्हैसूरात नाहीत."

मालक माझ्याकडे वळले. गायिका वळली. अर्धी पंगत हातातला घास तसाच ठेवून बघत होती. मामाही माझ्याकडे बघत होते, निश्चिंत.

मी सगळ्यांना समजेल अशा स्वच्छ कन्नडमध्ये म्हटलं, "मामांना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. गिटार फार कर्कश झालीय."

त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मालकांनी मान हलवली आणि मला पुढे बोलावलं. मामांनी आपली वायर स्वतःच काढली, गुंडाळली आणि स्टेजवरून उतरले. उरलेली सगळी गाणी मी वाजवली, त्यांचे तुकडे त्यांच्याहून सफाईने वाजवले, कुठेही चुकलो नाही. गायिका माझ्याकडे बघून हसली. मला आनंद झाला, भरपूर झाला. लाज वाटायला पुढे बरीच वर्षं लागली.

सामान लादलेल्या टेम्पोत परतताना मामा माझ्याच शेजारी बसले होते, गिटार उभी धरून. मागे बाकीची मंडळी दाटीवाटीने बसलेली. मामा माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात, आमच्या मराठीत म्हणाले, "दोन वर्षं? दोन वर्षं माहीत होतं तुला?"

"हो," मी म्हटलं.

टेम्पो खडखडत होता. त्यांनी कानामागे हात धरला आणि तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं. "काय म्हणालास?"

मला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं, "हो, दोन वर्षं माहीत होतं मला!" मागच्या सगळ्यांनी ऐकलं.