आयुधपूजेआधी पुसलेल्या प्रती

श्रावणातला दुसरा सोमवार: यंत्राने पहिली तक्रार केली. जबाबदार, बंगळुरातल्या शिवाजीनगरचा संगणक-दुरुस्तीचा दुकानदार.
खंडेनवमीची आदली संध्याकाळ: राखून ठेवलेल्या प्रती पुसल्या गेल्या. जबाबदार, आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह.
खंडेनवमी, आरतीची वेळ: बंद ठेवायचे यंत्र चालू केले गेले. जबाबदार, तेच कार्यवाह आणि त्यांच्या शेजारी हात जोडून उभे असलेले तत्कालीन अध्यक्ष.
त्यानंतरची प्रत्येक सर्वसाधारण सभा: मौन. जबाबदार, समस्त समिती.

नव्वदचे दशक संपत आले होते. एका सरकारी कारखान्याच्या विधी विभागातून निवृत्त होऊन मी बंगळुरातच, जयनगरात राहत होतो. मंडळाच्या मागच्या खोलीत एक संगणक होता आणि त्यात माझ्या पत्नीने रविवारच्या मराठी वर्गासाठी रचलेले धडे होते. आमची मुले गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलत. पुण्याहून मागवलेल्या पुस्तकांतले एकही घर त्यांना आपले वाटत नसे. म्हणून तिने त्यांच्यासाठी इथलेच धडे लिहिले: बसचा कंडक्टर, शेजारची अक्का, थंडीतल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ. निम्मे छापून झाले होते. मग प्रिंटर बंद पडला, आणि उरलेले निम्मे फक्त त्या यंत्रात होते.

हे धडे ज्या मराठी प्रणालीत टंकित केले होते, ती बनवणारी मंडळी दुकान गुंडाळून गेली होती आणि मूळ फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. प्रणालीचा परवाना उरला होता तो केवळ विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कोणता प्रोग्राम कुठे आहे आणि त्याला कसली मुभा आहे याची यंत्र स्वतः जी नोंद ठेवते, तीत. ती नोंद गेली की धडे गेले. विंडोज ९८ दररोज या नोंदीची एक प्रत आपणहून काढी आणि शेवटच्या काही प्रती एका फोल्डरात राखी. आमचा सारा भरवसा त्या फोल्डरावर होता.

दुकानदाराने यंत्र दुरुस्तीला नेऊन परत आणले आणि त्या सोमवारपासून पडद्यावर वाक्य येऊ लागले: रजिस्ट्रीची प्रत काढता आली नाही, डिस्कवर जागा अपुरी असू शकेल. मी शिवाजीनगर गाठले.

“डिस्क फुल्ल आहे, सार,” दुकानदार यंत्र न पाहताच म्हणाला. “स्वल्प क्लीन करा.”

“अर्धी डिस्क रिकामी आहे.”

“मग मशीन खोटं बोलतंय का, सार?”

“मशीन ‘असू शकेल’ म्हणतंय. ‘आहे’ तुम्ही म्हणताय.”

त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवले.

मी स्वतः प्रयत्न केले. नोंद फ्लॉपीवर उतरवू पाहिली, ती फ्लॉपीत मावेना. तिचा परवान्यापुरता भाग कोणता, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. अखेर संपूर्ण नोंद डिस्कवरच उतरवली आणि जुन्या प्रतींशेजारी, त्याच फोल्डरात ठेवली. कार्यवाहांना बजावले, की त्या फोल्डराला हात लावू नका. “सरी, अण्णा,” त्यांनी होकार भरला.

बंगळुरात आयुधपूजेआधी, म्हणजे आपल्या खंडेनवमीआधी, प्रत्येक यंत्र स्वच्छ करण्याचा रिवाज आहे. लेथ पुसतात, स्कूटर धुतात. कार्यवाहांनी संगणक बाहेरून पुसला, आणि दुकानदाराचा ‘क्लीन करा’ हा मंत्र आठवून आतूनही पुसला. जुने काही पूजेला ठेवू नये म्हणून जुन्या तारखांच्या प्रती, माझ्या प्रतीसकट, काढून टाकल्या. वर पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

दुर्दैव असे, की दुसऱ्याच दिवशी सकाळी मला मूळ दोष सापडला. यंत्र सुरू होताना ज्या आज्ञा पाळते, त्यांची हाताने उतरवलेली नक्कल मी घरी आणून करारपत्रासारखी कलमवार वाचत होतो. एका ओळीत लिहिले होते, की तात्पुरत्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात. ती दुसरी डिस्क दुकानदाराने दुरुस्तीत काढून घेतली होती! जी जागा अस्तित्वातच नाही, तिथे जागा अपुरी पडणारच. ओळ बदलली की नवी प्रत निघाली असती. मी मंडळात धावलो. यंत्रावर झेंडूची माळ आणि कुंकू होते. प्रती पुसल्याचे तिथेच, मोठ्या अभिमानाने मला सांगण्यात आले.

“एक ओळ बदलू द्या,” मी म्हणालो.

“आज नाही, अण्णा. पूजेला ठेवलेलं आयुध चालवत नाहीत. उद्या दसरा, उद्या करा.”

संध्याकाळी त्याच कार्यवाहांनी, छायाचित्र चांगले यावे म्हणून, यंत्र स्वतः चालू केले. पडद्यावर आधी तीच तक्रार झळकली; ती त्यांनी एक कळ दाबून घालवली आणि सरस्वतीचे चित्र लावले. आरतीच्या मध्यात वीज गेली आणि यंत्र रीतसर बंद न होताच विझले.

दसऱ्याला यंत्राने सांगितले, की रजिस्ट्री बिघडली आहे. राखीव प्रत शोधली, ती नव्हती. दुकानदाराने विंडोज नव्याने भरले. धड्यांच्या फायली जागच्या जागी होत्या, पण प्रणाली परवाना मागून बंद पडे, आणि दुसऱ्या कशातही उघडल्या तर ओळीन् ओळ चिन्हांचा कचरा.

“अक्का, परत लिहा की,” कार्यवाह माझ्या पत्नीला म्हणाले. “तुमच्या डोक्यात आहेच ना सगळं.”

“माझ्या डोक्यात आत्ता जे आहे, ते ऐकवलं तर पुढच्या वर्षी आरतीला उभे राहणार नाही तुम्ही,” ती म्हणाली.

तिने दोन धडे पुन्हा लिहिले आणि थांबली. “अहो, हे आठवून लिहिलेलं आहे, सुचलेलं नाही,” असे म्हणून तिने कागद बाजूला सारले. वर्ग अर्ध्या अभ्यासक्रमावर बंद पडला. त्यातली मुले आज नोकऱ्यांना लागली आहेत. त्यांना मराठी अर्धीच येते.

ते कार्यवाह आता अध्यक्ष आहेत. माझ्या पत्रांची पोच येते, उत्तर येत नाही. सूचनाफलकावरचे दिलगिरीचे मोघम वाक्य मला नको. येत्या सर्वसाधारण सभेत, त्या अर्धवट वर्गाच्या मुलांना आणि माझ्या पत्नीला समोर बसवून, अध्यक्षांनी उभे राहून माझ्या या प्रश्नाला सामोरे जावे: जे यंत्र मला एका ओळीसाठी निषिद्ध होते, ते तुम्हाला एका छायाचित्रासाठी कोणत्या अधिकाराने खुले झाले? उत्तर तोंडी द्यावे, मराठीत द्यावे, आणि ते इतिवृत्तात शब्दशः नोंदवावे.