पातळ भिंत

आमच्या श्रीखंडाच्या टेम्पोला आतून नवी उष्णतारोधक पॅनेल बसवली जात होती. जाडी जेमतेम बोटभर. "या पापडानं थंडी टिकणार?" असे म्हणत माझा थोरला भाऊ आत शिरला आणि हुक ठोकायला त्याने ड्रिल उचलले.

"साहेब, भोक नको," पॅनेल बसवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आतली हवा काढून घेतलीय, म्हणून थंडी राहते. हवा शिरली की हा नुसता पुठ्ठा."

"एका भोकानं काय होतंय?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. अबोल माणसाच्या शांततेला कोणीही, केव्हाही छिद्र पाडावे, अशी साऱ्यांची प्रामाणिक समजूत असते. पन्नाशीनंतर मी लिहू लागले, तेव्हा माझी वहीही सगळ्यांनी न विचारताच उघडली. जाड भिंतींना असे घाव पचत असतील. जिचे सारे बळ आतल्या निर्वात पोकळीत आहे, तिला एकही पचत नाही. याला कोणी दुबळेपणा म्हणत असेल, तर खुशाल म्हणावे.

मी टेम्पोत चढले आणि पॅनेलला पाठ लावून उभी राहिले.

"भोक पडणार नाही, दादा."

"अगं, सरक बाजूला!"

त्याने ड्रिल खाली ठेवेपर्यंत मी सरकले नाही.