सायकल स्टँडमधली पंगत

“तळ्ळि निल्लु!”

लांब उभी रहा. वाढणाऱ्यानं ओगराळं हातभर उंच धरलं आणि वरूनच सांबारभात सोडला. अर्धा थाळीत, अर्धा माझ्या पायांवर.

मद्रासला वादळ झालं होतं. अड्यार नदी आमच्या चेरीत शिरली. चेरी म्हणजे तिकडचा महारवाडाच. ताडाच्या झावळ्यांची घरं, गेली वाहून. सगळ्यांना शाळेत आणलं. रस्त्याकडच्या घरांतली माणसं वर्गांत बसवली. आम्हाला सायकल स्टँड. वर छप्पर, बाजूंनी पाऊस. दोन वर्ग रिकामे होते. कुलूप लावून रिकामे.

माझा बाप साताऱ्याकडून पलटणीबरोबर इकडं आलेला. पलटण सुटली, मग गिंडीच्या एका कारखान्यात झाडूवाला झाला. त्या दिवशी पाण्यामुळं तिकडंच अडकला होता. अख्ख्या चेरीत मराठी घर आमचं एकच. मी न् आय. मी असेन बारा-तेरा वर्षांची.

पहिला घास आंबूस लागला. भूक होती, गिळला. दुसऱ्या घासात दाताखाली चोथा आला. बोटानं काढून बघितला. शेवग्याची शेंग. चोखलेली. तिच्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी दातांच्या खुणा.

तोंडातला घास थुंकून टाकला. शेंग मुठीत धरली.

पडवीत मदत समितीच्या दोन बायका उभ्या होत्या. नाकाला पदर. एक तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली, दुसरी पुण्याकडची, कुणा साहेबाची बायको. आम्हाला काय कळणार म्हणून मराठीत मोकळ्या बोलत होत्या.

“अय्यो, लग्नातल्या उष्ट्या पानांवरचंही भातातच ओतलंय की हो,” तंजावरची म्हणाली.

“ओतू द्या. टाकून देण्यापेक्षा बरं. भुकेल्याला कसली आलीय चव?”

मी उठले. आयनं परकर धरला. “गप बस पोरी. आज रातीला छप्पर पायजे.”

मी परकर सोडवून घेतला.

“बाई, ही शेंग कुणाच्या तोंडातली?”

पुण्याची बाई दचकली. मग चक्क हसली. “अगं, मराठी तू? आपलीच की! इथं ह्यांच्यात कशी गं? आडनाव काय तुझं?”

मी आडनाव सांगितलं.

हसू जागच्या जागी मेलं. तिनं पदर आवरून घेतला. “बरं, बरं. जा, बस जागेवर. मिळतंय ते खावं.”

मी शेंग तिच्या हातावर ठेवली.

“शी!” तिनं हात झटकला.

“शी? आम्हाला तर खायला घातलीत.”

मागं थाळी आपटल्याचा आवाज झाला. आयनं भात चिखलात ओतला होता. “एच्चिल!” ती बायांकडं बघून ओरडली, उष्टं. मग आणखी बायकांनी ओतला. एक म्हातारी मात्र डोळे मिटून खात राहिली. तिच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. तिचा मला राग आला नाही. तिच्यावर ही वेळ आणून वर पुण्य मोजणाऱ्यांची किळस आली. ती अजून उतरत नाही.

हेडमास्तरांच्या खोलीत सरकारी तांदळाची पोती होती. आमच्याचसाठी आलेली. आय खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. शेजारी मी. मग चेरीतल्या सगळ्या बाया. कुणाला आत जाऊ दिलं नाही, कुणाला बाहेर येऊ दिलं नाही. आय एकच म्हणत होती, “अरिसी कुडु.” तांदूळ द्या. शिजवायचं आम्ही बघतो.

पोलीस बोलावू, समितीवाले म्हणाले. बोलवा, आय म्हणाली.

दिवस कलता कलता त्यांनी एक पोतं पायानं ढकलून बाहेर काढलं. आम्ही मोडक्या बाकाच्या फळ्या फोडून चूल पेटवली. म्हातारीला पहिली पेज दिली. पुण्याची बाई गाडीत बसताना म्हणाली, “माजलेत.”

हो. माजलो.

आता कुठं वस्ती जळो, कुठं पाणी शिरो, मी जाते. आधी कोठीचं दार अडवते, कोरडा शिधा मागते. कुणाच्या पाया पडत नाही, कुणाला पडू देत नाही. वेगळी पंगत मांडलेली दिसली की ती उठवते. उठली नाही, तर मोडते.